जुने सस्पेन्स सिनेमे अजून का बघतो आपण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या सस्पेन्स सिनेमांचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळी उत्तरं एकदा एका जागी लिहून ठेवतेय. शेवटपर्यंत लपवून ठेवलेलं गुपित मी कुठल्याच सिनेमाचं फोडलेलं नाही त्यामुळे बिनधास्त वाचा, काही प्रसंग मात्र सांगावेच लागलेत, त्याशिवाय मुद्दा कळणार कसा.

शेवट माहीत असतो, तरी परत परत का बघावेसे वाटतात?

कारण शेवटासाठी आपण ते बघतच नसतो, निदान जे चांगले आहेत ते तरी. ब्रिटिश दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकचा 'स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन' (1951) घ्या. त्यात खलनायकाच्या हातून एक लायटर गटाराच्या जाळीत पडतो, हा लायटर त्याला खुनाच्या जागी नेऊन टाकायचाय म्हणजे एक निरपराध माणूस अडकेल, आणि तो निरपराध माणूस तिकडे टेनिसची मॅच लवकर संपवायच्या मागे लागलाय म्हणजे वेळेत पोचून याला अडवता येईल. एकदा इकडे, एकदा तिकडे असं चालू राहतं. आता खरं तर आपल्याला वाटायला हवं की लायटर मिळूच नये, पण जाळीतून आत घातलेली ती बोटं थोडक्यासाठी कमी पडतात तेव्हा आपलीच बोटं ताणली जातात! मी हा सिनेमा कितीही वेळा बघितला तरी त्या सीनला हात आपोआप पुढे जातो. पुढे काय होणार हे पाठ असून काही फरक पडत नाही.

'सायको'मध्येही (1960) असंच आहे. मोटेल चालवणारा नॉर्मन एक गाडी दलदलीत ढकलतो, गाडीत काय आहे हे आपल्याला माहितीय, गाडी हळूहळू बुडायला लागते आणि मधेच थांबते. त्या दोन क्षणांत अख्खं थिएटर मनात म्हणतं की बुड गं बाई एकदाची. म्हणजे गुन्हा लपावा असं आपल्याला वाटून गेलं, आणि ते आपल्या लक्षातही आलं नाही. ही जी भानगड दिग्दर्शक आपल्याशी करतो ना ती दुसऱ्यांदा बघताना जास्त कळते, पहिल्यांदा आपण फक्त घाबरतो.

रहस्यपट आणि सस्पेन्स यात फरक काय मग? एकच ना?

एकच नाही, आणि माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. खून कोणी केला हे शेवटपर्यंत लपवायचं हा झाला कोड्याचा प्रकार, डोकं चालवायला मजा येते, पण एकदा उत्तर कळलं की कोडं संपलं. सस्पेन्समध्ये उलट आहे, तिथे प्रेक्षकाला आधीच सांगून टाकायचं आणि पडद्यावरच्या माणसाला सांगायचं नाही.

फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोने 1962 मध्ये हिचकॉकची सलग काही दिवस मुलाखत घेतली होती, त्यात टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आहे ते प्रसिद्धच आहे. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारतायत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने बघितलंय, किती वाजता फुटणार ते माहितीय, भिंतीवर घड्याळ दिसतंय, तर त्याच रटाळ गप्पा तो पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकतो, त्याला ओरडून सांगावंसं वाटतं की अरे उठा तिथून. संवाद तोच, माणसं तीच, फक्त आपल्याला एक गोष्ट जास्त माहितीय.

आणि हे आपल्याला नवीन नाहीये हं. 'तो मी नव्हेच' हे अत्र्यांचं नाटक 1962 मध्ये आलं, प्रभाकर पणशीकर पाच वेगवेगळ्या रूपांत यायचे, फिरता रंगमंच होता. त्यातला ठग लखोबा खोटं बोलतोय हे समोर बसलेल्या प्रत्येकाला कळत असतं, प्रश्न एवढाच की हा सुटतो की अडकतो, तेवढ्यावर ते नाटक वर्षानुवर्षं चाललं. लोक दोनदा-तीनदा जाऊन बघायचे, संवाद पाठ असायचे तरी!

म्हणजे बॉम्ब दाखवला की झालं?

नाही ना, फोडायचा कधी हेही कळलं पाहिजे. हिचकॉकच्याच 'सॅबोटाज'मध्ये (1936) एक लहान मुलगा पार्सल घेऊन बसमधून चाललाय, त्याला माहीत नाही पण आपल्याला माहितीय की त्यात बॉम्ब आहे, वाटेत त्याला उशीर होत जातो, आपण घड्याळ बघत राहतो, आणि बॉम्ब खरंच फुटतो, मुलगा जातो. लोक भयंकर चिडले. त्रुफोशी बोलताना हिचकॉकने स्वतः मान्य केलंय की ती चूक होती, इतका वेळ ताण दिल्यावर प्रेक्षकाला सुटका द्यायला हवी होती. मला हा किस्सा फार महत्त्वाचा वाटतो कारण यातून कळतं की सस्पेन्स हा प्रेक्षक आणि दिग्दर्शक यांच्यातला विश्वासाचा व्यवहार आहे, मी तुला छळणार पण फसवणार नाही, असा. आजकाल धक्का देण्याच्या नादात हा विश्वास सर्रास मोडला जातो आणि मग सिनेमा परत बघावासा वाटत नाही.

सारखं हिचकॉक हिचकॉक का? बाकी कोणी नव्हतं का?

होते की, भरपूर होते. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांगचा 'एम' 1931 चा आहे, बोलपटाचा जमाना नुकताच सुरू झाला होता आणि या माणसाने लगेच आवाज हेच हत्यार केलं. लहान मुलींचा खुनी शहरात फिरतोय, तो ठराविक धून शिटीवर वाजवतो, ती शिटी ऐकू आली की समजायचं तो जवळपास आहे, तो पडद्यावर दिसायचीही गरज नाही. शेवटी त्याला ओळखतो कोण, तर फुगे विकणारा आंधळा म्हातारा, शिटीवरून. जवळजवळ शंभर वर्षं होत आली या सिनेमाला आणि अजून ती शिटी ऐकताना अंगावर काटा येतो.

फ्रान्सचा दिग्दर्शक क्लुझो तर माझा फार लाडका. 'द वेजेस ऑफ फिअर' (1953) मध्ये चार माणसं दोन ट्रकमधून नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक घेऊन डोंगरातल्या खराब रस्त्याने चाललीयत, जोरात गचका बसला की खेळ खलास. एवढीच गोष्ट. यात खुनी नाही, गुपित नाही, लपवलेलं काही म्हणजे काहीच नाही, तरी रस्त्यातला प्रत्येक खड्डा तुम्हाला स्वतःच्या मणक्यात जाणवतो. त्याचाच 'ले डियाबोलिक' (1955), त्याच्या शेवटी पडद्यावर चक्क विनंती येते की तुम्ही काय बघितलं ते मित्रांना सांगू नका. ज्या लेखकजोडीच्या कादंबरीवर तो होता त्याच जोडीच्या दुसऱ्या कादंबरीवर हिचकॉकने 'व्हर्टिगो' केला.

कॅरल रीडचा 'द थर्ड मॅन' (1949) आहे, युद्धानंतरचं पडझड झालेलं व्हिएन्ना, आणि पार्श्वसंगीताला फक्त झिदर नावाचं तारवाद्य. जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'हाय अँड लो' (1963) आहे, निम्मा सिनेमा एका दिवाणखान्यात आणि निम्मा रस्त्यावर. हे सगळे बघाच. पण हिचकॉकबद्दल जास्त बोललं जातं ते उगाच नाही, कारण त्याने मूकपटांच्या काळापासून सुरुवात करून 1970 च्या दशकापर्यंत हा एकच प्रांत नांगरला आणि आपण काय करतो ते तो नीट समजावूनही सांगायचा. पाच वेळा नामांकन मिळूनही उत्तम दिग्दर्शनाचं ऑस्कर त्याला कधी मिळालं नाही, हे मला आजही पटत नाही.

ब्लॅक अँड व्हाइट आहे म्हणून घरातली मुलं बघत नाहीत. काय सांगू त्यांना?

सांगू नका काही, 'सस्पिशन'मधला (1941) दुधाच्या ग्लासचा सीन दाखवा. कॅरी ग्रँट अंधाऱ्या जिन्याने वर येतोय, हातात ट्रे, ट्रेवर बायकोसाठी दुधाचा ग्लास. बायकोला संशय आहे की नवरा आपल्याला विष देणार. सगळा जिना काळा आणि तो एकच ग्लास पांढराशुभ्र चमकतोय, नजर दुसरीकडे जातच नाही. हिचकॉकने ग्लासच्या आत छोटा दिवा ठेवला होता! रंगीत सिनेमात हे इतक्या साधेपणाने जमलं नसतं असं मला ठाम वाटतं, तिथे गालिच्याचा रंग, भिंतीचा रंग, कपडे, सगळं लक्ष ओढत बसतं.

'सायको' केला तेव्हा रंगीत सिनेमे सर्रास होत होते, हिचकॉकचे आधीचे काही मोठे सिनेमेही रंगीतच होते. तरी त्याने तो मुद्दाम कृष्णधवल केला, एक तर स्वस्तात करायचा होता, आपल्या टीव्ही मालिकेचंच युनिट घेऊन साधारण आठ लाख डॉलरमध्ये उरकला, आणि दुसरं म्हणजे ते रक्त रंगात दाखवायचं नव्हतं. बाथरूममधल्या खुनाच्या सीनमध्ये नळाखाली वाहतं ते चॉकलेट सिरप आहे, कृष्णधवल फिल्मवर ते रक्तासारखं दिसतं. तो सीन पडद्यावर मिनिटभरही नाही आणि शूटिंगला आठवडा लागला.

संगीत बंद करून बघितलं तर भीती वाटेल का?

'सायको'तला तो बाथरूमचा सीन हिचकॉकलाच आधी संगीताशिवाय हवा होता. बर्नार्ड हर्मन या संगीतकाराने ऐकलं नाही, फक्त तंतुवाद्यं घेऊन ते किंचाळणारं संगीत रचलं, आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. पण उलटंही बघा, 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'मध्ये (1959) भर दुपारी उघड्या माळरानावर नायक एकटा उभा आहे, ना अंधार ना सावली ना लपायला जागा, गाड्या येतात जातात, काहीच होत नाही, आणि दूरवर औषध फवारणारं एक विमान. तिथे संगीत नाही. बराच वेळ नुसता वारा, गाड्या आणि विमानाची घरघर. हर्मनच संगीतकार होता त्यालाही, पण तिथे गप्प बसायचं ठरलं. 'द बर्ड्स'मध्ये (1963) तर नेहमीसारखं पार्श्वसंगीतच नाही, पक्ष्यांचे आवाज आहेत आणि त्यातले बरेच इलेक्ट्रॉनिक वाद्यावर तयार केलेले. म्हणजे कधी वाजवायचं यापेक्षा कधी थांबायचं हे ज्याला कळलं त्याचे सिनेमे टिकले.

आपल्या हिंदी सस्पेन्समध्ये गाण्यांनी सगळा माहौल बिघडतो असं नाही वाटत?

काही ठिकाणी बिघडतो, कॉमेडी ट्रॅक तर जास्तच बिघडवतो. पण गाण्यांनी सस्पेन्स मरतो हे सरसकट म्हणणाऱ्यांशी मी कायम भांडते. 'महल' (1949) आठवा. बॉम्बे टॉकीजचा सिनेमा, कमाल अमरोहींचं पहिलं दिग्दर्शन, योझेफ विर्शिंग नावाच्या जर्मन कॅमेरामनचं छायाचित्रण. 'आयेगा आनेवाला' त्यात भुतासारखं येतं, आवाज आधी लांबून आणि मग हळूहळू जवळ. संगीतकार खेमचंद प्रकाश यांनी लताबाईंना माइकपासून दूर उभं करून गात गात जवळ यायला लावलं होतं, तेव्हा आजच्यासारखं बटण फिरवून आवाज लांब नेता येत नव्हता. रेकॉर्डवर गायिकेचं नाव काय, तर कामिनी, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव! लोक रेडिओला विचारत बसले ही कोण गाते. म्हणजे सिनेमातलं कोडं सिनेमाच्या बाहेरही चालू होतं.

त्या गाण्याने हिंदी सिनेमाला एक साचाच दिला. जुना वाडा, रात्र, धुकं, पांढरी साडी आणि लांबून येणारा आवाज. हेमंत कुमारांनी निर्माण केलेला 'बीस साल बाद' (1962) त्यात 'कहीं दीप जले कहीं दिल', राज खोसलांच्या 'वो कौन थी'मध्ये (1964) 'नैना बरसे', पुढे 'मेरा साया'तही तेच. यातली गाणी काढून बघा, सिनेमा उभाच राहणार नाही, कारण तिथे गाणं हाच पुरावा असतो, ती आहे की नाही, जिवंत आहे की मेलेली, हे सगळं त्या गाण्यावर टांगलेलं असतं. 'वो कौन थी'ची सुरुवात तर बघाच, पावसाळी रात्र, डॉक्टरची गाडी, रस्त्यात पांढऱ्या साडीतली साधना, आणि तिला उतरायचंय स्मशानाशी. नंतर कितीतरी सिनेमांनी हे उचललं पण मदनमोहन कुठून आणणार.

विजय आनंदची पद्धत वेगळी. 'तीसरी मंज़िल' (1966) आणि 'ज्वेल थीफ' (1967) मध्ये गाणं भुताचं नाही, झगमगाटाचं आहे, आणि 'होठों में ऐसी बात'मध्ये कॅमेरा असा फिरतो की नाच बघावा की मागे कोण उभं आहे ते बघावं हे कळत नाही.

आणि गाणी नकोच असतील तर तेही आहेत. बी. आर. चोप्रांचा 'कानून' (1960) एकही गाणं नाही, कोर्टरूम. त्यांच्याच धाकट्या भावाने, यश चोप्रांनी केलेला 'इत्तेफाक' (1969), राजेश खन्ना आणि नंदा, जवळपास सगळा सिनेमा एका रात्रीत एका घरात, गाणं नाही. नंदाबाईंना एरवी सोशिक भूमिकांत बघितलेल्यांनी तर जरूर बघा.

पण हे सगळे इंग्रजीवरून ढापलेलेच होते ना?

काही होते, नाकारण्यात अर्थ नाही. 'कोहरा' (1964) हिचकॉकच्या 'रेबेका'वरून, 'गुमनाम' (1965) ॲगाथा ख्रिस्तीच्या बेटावरच्या कादंबरीवर बेतलेला, 'धुंद' (1973) ख्रिस्तीच्याच नाटकावरून, 'ऐतबार' (1985) 'डायल एम फॉर मर्डर'वरून. सगळेच चांगले झाले असंही नाही. पण 'कोहरा'मधल्या ललिता पवार बघा. मूळ सिनेमातली ती थंड, कडक घरव्यवस्थापिका आणि ललिताबाईंची दाईमाँ, दोन्ही शेजारी ठेवून बघा, ललिताबाई नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी नव्या सुनेचा जीव कसा दडपतो ते त्यांनी आपल्या घरातल्या नात्यांमधून काढलंय, ते कुठल्या इंग्रजी सिनेमातून येणार नाही. आणि हो, 'गुमनाम'चे दिग्दर्शक राजा नवाथे, आपलेच.

मराठीत क्लासिक सस्पेन्स आहे का? की फक्त विनोदी आणि तमाशापट?

आहे, आणि हिंदीने आपल्याकडून घेतलाय! राजा परांजप्यांचा 'पाठलाग' (1964), काशिनाथ घाणेकर आणि भावना. त्यावरून राज खोसलांनी 1966 मध्ये 'मेरा साया' केला, सुनील दत्त आणि साधना. बायको वारल्यानंतर एक बाई समोर येते, तीच बाई, तोच चेहरा, तिच्यावर गुन्हेगारीचा आरोप, ती म्हणते मी तुमची बायको, आणि ज्याने स्वतःच्या हाताने बायकोला निरोप दिलाय त्या माणसाने यावर काय विश्वास ठेवायचा. भर कोर्टात ती नवराबायकोमधल्या खाजगी गोष्टी सांगते, त्या प्रत्येक गोष्टीगणिक त्याच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास ढळत जातो. 'मेरा साया' लोकांना 'झुमका गिरा रे'साठी आठवतो पण त्याची सगळी ताकद त्या उलटतपासणीत आहे.

'या डोळ्यांची दोन पाखरे' हे गदिमांचं गाणं, दत्ता डावजेकरांचं संगीत, आशाबाईंचा आवाज, ते प्रेमगीत म्हणून रेडिओवर ऐकलेल्यांना माहीतही नसतं की ते एका सस्पेन्स सिनेमातलं आहे. सिनेमात ऐकलं की त्याच शब्दांची भीती वाटते. हिंदीतल्या 'तू जहाँ जहाँ चलेगा'ची कल्पनाही तीच.

मग 'हा खेळ सावल्यांचा' (1976), आशा काळे आणि पुन्हा घाणेकर, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आणि सुधीर मोघ्यांची गाणी. 'रात्रीस खेळ चाले' त्यातलंच, 2016 मध्ये कोकणातल्या भुताखेताच्या मालिकेला तेच नाव दिलं गेलं, म्हणजे चाळीस वर्षांनंतरही त्या तीन शब्दांत दम होता. भुताटकी खरी की बनाव हा प्रश्न हिंदीतल्या सगळ्या वाडा-सिनेमांमध्ये असतो पण इथे तो खेड्यातल्या समजुतींमधून येतो म्हणून जास्त जवळचा वाटतो.

संख्येने मराठीत असे सिनेमे कमी झाले हे खरंय आणि मला त्याचं वाईट वाटतं. वाचायला आपल्याकडे बाबूराव अर्नाळकर होते, नारायण धारप होते, मतकरींच्या गूढकथा होत्या, वाचनालयांत रांगा लागायच्या, पण त्यातलं पडद्यावर फारच थोडं आलं.

फार स्लो वाटतात हो. पहिला अर्धा तास काहीच घडत नाही.

घडत असतं, आपल्याला माणसं आवडायला लावायचं काम चाललेलं असतं. 'वेजेस ऑफ फिअर'मध्ये पहिला जवळपास तास ट्रक सुरूच होत नाही, नुसतं ते भिकारडं गाव, उन्हात लोळणारी बेकार माणसं, पळून जायला पैसे नाहीत. पण तो तास गाळला तर पुढच्या खड्ड्यांना काही अर्थच उरत नाही, कारण जीव धोक्यात घालण्याइतकं कोणी अगतिक का होतं हे तिथेच कळतं. 'रिअर विंडो' (1954) तसाच. पाय प्लास्टरमध्ये असलेला माणूस खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमधले लोक बघत बसतो, नवीन लग्न झालेलं जोडपं, एकटी बाई, पियानोवाला. चाळीत राहिलेल्यांना तर हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. नंतर त्याची मैत्रीण समोरच्या संशयिताच्या घरात शिरते आणि तो माणूस परत येताना आपल्याला दिसतो, तिला दिसत नाही, आणि याला जागचं हलता येत नाही. तो तिथे खुर्चीत आणि आपण इथे खुर्चीत, दोघांची अवस्था एकच. ही अवस्था यायला आधीचा तासभर ती खिडकी, ते अंगण, ते शेजारी ओळखीचे व्हावे लागतात.

मोबाइल असता तर हे सगळे सिनेमे पाच मिनिटांत संपले असते ना?

काही संपले असते. पण 'नोटोरियस'मध्ये (1946) एका पार्टीत तळघराची किल्ली नायिकेने नवऱ्याच्या जुडग्यातून चोरलीय, वर शॅम्पेनच्या बाटल्या संपत चालल्यात, त्या संपल्या की नवरा तळघरात उतरणार आणि किल्ली नाही हे त्याला कळणार. एकेक बाटली कमी होते तशी आपली छाती धडधडते. यात मोबाइल काय करणार?

बायका फक्त किंचाळायला आणि मरायलाच असतात का यात?

बऱ्याच सिनेमांत हो, आणि ते खटकतं, खटकायलाच हवं. पण सगळं तसं नाही. 'नोटोरियस'मध्ये सगळा धोका इंग्रिड बर्गमनच पत्करते. 'शॅडो ऑफ अ डाउट'मध्ये (1943) लाडक्या मामाबद्दल संशय येणारी मुलगी घरात कोणालाच काही सांगू शकत नाही कारण आईचं मन मोडेल, हे किती खरं आहे. 'गॅसलाइट' (1944) मध्ये नवरा बायकोला पद्धतशीरपणे पटवत जातो की तुला वेड लागलंय, आज या वागण्याला जगभर त्या सिनेमाच्या नावानेच ओळखतात.

पडद्यामागचंही बोललं पाहिजे. 'द बर्ड्स'ची नायिका टिपी हेड्रन यांनी 2016 च्या आत्मचरित्रात हिचकॉकवर लैंगिक छळाचे आरोप केले आहेत. ते वाचल्यावर मला त्यांचे दोन सिनेमे पूर्वीसारखे बघता येत नाहीत, आणि बघू नयेत असंच मला वाटतं, म्हणजे बघा पण ते माहीत असू द्या.

लहान मुलांना दाखवावेत का? सुरुवात कशाने करू?

दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना 'द लेडी व्हॅनिशेस' (1938) आवडतो, ट्रेनमधली एक म्हातारी बाई गायब होते आणि बाकी सगळे म्हणतात अशी कोणी बाई नव्हतीच. मग 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'. 'सायको' मोठं झाल्यावर. 'व्हर्टिगो' (1958) तर वयाची तिशी ओलांडल्यावरच भिडतो असं मी म्हणेन, आला तेव्हा फार चालला नव्हता, मग अधिकारांच्या भानगडीत वर्षानुवर्षं बघायलाही मिळत नव्हता, आणि 2012 मध्ये ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाच्या समीक्षकांच्या यादीत जगातला पहिल्या नंबरचा सिनेमा ठरला. त्यातलं मुख्य गुपित दिग्दर्शक शेवटाच्या बराच आधी प्रेक्षकाला सांगून टाकतो. तिथून पुढे सिनेमा बघवत नाही इतका जीव कासावीस होतो, कारण आता आपल्याला माहितीय आणि त्या माणसाला माहीत नाही.

हिंदीत सुरुवात 'वो कौन थी' किंवा 'इत्तेफाक'ने करा.

आता असे सिनेमे का होत नाहीत?

होतात की. पुण्यात घडणारा 'अंधाधुन' (2018) बघितलात ना? आंधळ्याचं सोंग घेतलेला पियानोवाला, समोर प्रेत, त्याला सगळं दिसतंय आणि न दिसल्यासारखं वाजवत राहायचंय. हा अस्सल टेबलाखालचा बॉम्ब आहे. श्रीराम राघवन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, त्यांनी आधीचा 'जॉनी गद्दार' (2007) विजय आनंद आणि थ्रिलर लिहिणारे जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केला होता, म्हणजे धागा तुटलेला नाही. निशिकांत कामतने हिंदीत केलेला 'दृश्यम' (2015), मूळ मल्याळम, त्यातही कोणी काय केलं हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं, पोलिसांना नसतं, आणि 2 ऑक्टोबरला ते कुटुंब कुठे होतं हे अख्ख्या देशाला पाठ झालं.

जे फसतात ते शेवटच्या दहा मिनिटांत तीन-तीन ट्विस्ट देणारे. पहिल्यांदा आपण आ वासतो आणि दुसऱ्यांदा बघायला गेलं तर आधीच्या दीड तासात धरून ठेवणारं काहीच सापडत नाही.

कुठे आणि कसे बघावेत?

हिंदी जुने बरेचसे यूट्यूबवर सापडतात पण प्रिंट बघून घ्या, खराब प्रिंटमध्ये सगळ्या सावल्यांचा एकच काळा गोळा होतो आणि 'महल'सारख्या सिनेमाचं अर्धं काम तिथेच वाया जातं. पुण्यात राहत असाल तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा, 1964 पासून ही संस्था जुने सिनेमे जपतेय, मोठ्या पडद्यावर चार अनोळखी लोकांबरोबर बसून बघायला मिळालं तर सोडू नका.

घरी बघणार असाल तर रात्री, दिवे बंद, फोन दुसऱ्या खोलीत. मधे थांबवून चहा करायला उठू नका, 'सायको'च्या वेळी सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही असा थिएटरांना नियम घातला होता, तोच घरी लावा. आणि ज्याने आधी बघितलाय त्याला शेजारी बसवा पण अट घाला की एक अक्षर बोलायचं नाही, तोंडावर हसू पण आणायचं नाही.